सात नंबर

नेरूळच्या आमच्या सोसायटीतले धर्माकाका रोज दुपारी तीन वाजता टीव्हीवर नवी चॅनेलं शोधायचे आणि सापडली की सगळीच्या सगळी सोडून द्यायचे. रिमोटवर स्कॅन दाबायचं, आकडा चढताना बघत बसायचं, आणि शेवटी टीव्हीने 'नवी यादी सेव्ह करू का?' असं विचारलं की 'नो'.

"जाल टाकायचा, बगायचा, आन सोरून देयाचा," ते म्हणायचे. काका हाडाचे कोळी. खाडीत मासा उरला नाही, होडी विकली, तेव्हापासून गच्चीवरच्या डिशने त्यांची आभाळात मासेमारी चालू होती. ती डिश मला, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला, डोळ्यांत खुपायची.

स्कॅन करताना पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. काकांनी त्या माणसांनाही लावल्या होत्या. चेअरमन तासभर बोलले की, "स्ट्रेंथ हाय, कॉलिटी नाय." कामोठ्याला राहणारा मुलगा दिवाळीला मिठाईचा भला मोठा खोका पाठवी, स्वतः येत नसे. त्यालाही हाच शेरा.

गेल्या महिन्यात मी डिश काढा म्हणून सांगायला गेलो. काकी आत झोपल्या होत्या, स्कॅन चालू होतं. काका चहा टाकायला उठले आणि नेमका तेव्हाच टीव्हीने प्रश्न विचारला. अकरा नवी चॅनेलं होती. म्हटलं, म्हाताऱ्याला बटण कळत नसेल. न मागता उपकार करायची मला खोड आहे. मी 'येस' दाबलं.

काका कप घेऊन आले, पडद्याकडे बघितलं आणि तसेच उभे राहिले.

"येस दाबला?"

"हो. अकरा वाढली."

तेवढ्यात काकी उठून आल्या. खुर्चीत बसल्या, रिमोट घेतला आणि न बघताच सात दाबलं. एक बाई तवे विकायला लागली. काकींनी पुन्हा सात दाबलं. पुन्हा तवे. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

"यो घर आपला नाय," त्या काकांना म्हणाल्या. "भाऊ, मना घरा सोरा."

चार वर्षं शेजारी राहून मला पत्ता नव्हता. काकींना मुलगा आठवत नाही, स्वतःचं नाव आठवत नाही. सातवर भजन लागतं एवढंच आठवतं. ते लागलं की घर आपलं आणि समोरचा माणूस आपला. आणि 'येस' दाबलं की जुने नंबर पुसले जातात.

काका जमिनीवर बसून एकेक चॅनेल पुढे ढकलत राहिले. भजन एकशे चौदावर सापडलं. काकी गुणगुणायला लागल्या, पण पदर सावरून, परक्या घरी बसल्यासारख्या.

नंबर जागेवर आणायला काकांना दोन दिवस लागले. ते दोन दिवस ते भाऊच होते. त्यानंतर त्यांनी स्कॅन केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दारात जाऊन मी 'चुकलं' म्हणालो. मदत करायला गेलो होतो, असंही वर जोडलं.

"स्ट्रेंथ हाय, सेक्रेटरी," काका म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत.