धुळीचे लाडू

इराप्पा अण्णा कामावरून आले की उंबऱ्याबाहेर जुना पेपर पसरायचे, त्यावर उभे राहून शर्ट झटकायचे आणि पडलेली धूळ चिमटीनं डब्यात भरायचे. डबा बिस्किटांचा होता. पाहुण्यानं तो उघडला तर दोष पाहुण्याचा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाहूपुरीत आमची घरं शेजारी शेजारी. गावाबाहेरच्या ज्या पोलाद कारखान्यात अण्णा भट्टीवर फोरमन होते, तिथंच मी स्टोअरमध्ये कारकून. म्हणजे घरी आणि कामावर, दोन्हीकडे हा माणूस माझ्या नशिबी होता.

आमच्या भट्टीत भंगार वितळायचं. गंजके पत्रे, फुटक्या बादल्या. त्यांच्यावरचं जस्त धुरात जायचं आणि धूर निवला की तपकिरी धूळ होऊन खाली बसायचं. कारखान्यामागं तिचा ढीग साठला होता. आम्हाला तो कचरा वाटायचा.

"कचरा म्हणू नका, देशपांडे," अण्णा म्हणायचे. "माल हाय त्यो."

या मालासाठी त्यांनी परसात लोहाराची जुनी भट्टी मांडली. धुळीत कोळशाची पूड आणि साखर कारखान्यातली मळी कालवायची, लाडू वळायचे, गच्चीवर वाळवायचे आणि बंद नळकांड्यात घालून तापवायचे, असा बेत. जस्त काही निघेना. मळीच्या वासानं गल्लीतल्या मुंग्या मात्र निघाल्या, त्या माझ्या स्वयंपाकघरातून.

एकदा गडहिंग्लजहून आलेल्या अण्णांच्या मेव्हण्यांनी गच्चीवरचा एक लाडू तोंडात टाकला. अण्णांनी त्यांना घंगाळभर पाण्यानं चुळा भरायला लावल्या आणि मग गंभीरपणे विचारलं, "दाताला चिकटला काय? मळी जास्त झाली जणू." मेव्हणे त्याच दिवशी परत गेले.

कारखान्यात मी ही गोष्ट रंगवून सांगायचो. मालकही ऐकून हसायचे. अण्णा दर दोन-चार महिन्यांनी काळे हात घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जायचे आणि मान खाली घालून बाहेर यायचे. इतका अपमान पचवणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला त्याची कीव येत नसे, वैताग येई.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका सकाळी नळकांड्याच्या तोंडाशी जस्त निघालं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. अण्णांनी ते केबिनमध्ये नेलं. मालकांनी ते नखानं खरवडलं, खिडकीशी नेऊन पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना "बसा" म्हणाले. पुढं जस्त काढणाऱ्या एका बाहेरगावच्या कारखान्याचा माणूस आला, नमुने घेऊन गेला आणि धूळ विकत न्यायला कबूल झाला. महिन्याभरात ढिगाभोवती भिंती उठल्या, वर छप्पर चढलं. तोंड शिवलेली पोती आली, ती न्यायला हातगाडी आली, दाराला कुलूप लागलं. अण्णांना शाल आणि नारळ मिळाला.

घरी येताना मी टोमणा मारला, "एवढी वर्षं लाडू वळून नारळच हाती आला की हो."

अण्णा सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "धूळ उचलणाऱ्या बायका ठावं हाईत का तुमास्नी?"

पाट्या डोक्यावर घेऊन ढिगाकडं जाणाऱ्या चार-पाच बायका मी रोज बघायचो. त्यांची नावं मला माहीत नव्हती.

"त्या धुळीत शिसं असतंय. त्यांच्यातली हिराबाई खोकून खोकून घरी बसली. मालकाला धा डाव सांगिटलं, झाकून ठेवा, गाडी घ्या. फुकटची वस्तू कोण झाकतंय? त्येला खोकला ऐकू येत न्हाय. माल म्हटलं की येतंय."

सायकलच्या कॅरिअरवरची शाल घसरत होती, ती मी सावरली.

"ती लेकीकडं असती, कुरुंदवाडला. रविवारी जाणार हाय." थोडं चालून झाल्यावर ते म्हणाले, "येता काय? एकट्यानं जायचं म्हंजे... काय बोलायचं तिच्यासंगं, मला न्हाय सुदरत."

रविवारी आम्ही एसटीनं गेलो. हिराबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. अण्णा चप्पल काढून खालीच बसले.

"हिराबाई," ते म्हणाले, "आता बाया पाटी उचलत न्हाईत. धूळ कुलपात हाय."

"धुळीला कुलूप?" म्हणून ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तो थांबेचना. लेक पाणी आणायला आत धावली. अण्णा उठून तिची पाठ चोळू लागले, आणि मी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं.