वादी, संवादी आणि किशनलालशेठ

तळोद्याच्या भीकमचंदांनी निरोप धाडला की बाकी सगळं पसंत आहे, फक्त मुलीला, सायरला, थोडं गाणं यायला हवं. हे ऐकून शहाद्याच्या किशनलालशेठना पहिली शंका आली ती निरोप आणणाऱ्याची. हा माणूस नेमका जेवायच्या वेळेला कसा आला? दुसरी शंका भीकमचंदांची. तेल-मिठाच्या व्यापाऱ्याला सून गाणारी कशाला हवी?

किशनलालशेठचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, वर माडी. शंका घेणं हा त्यांचा स्वभाव होता आणि धंद्यात तो उपयोगी पडे. कुणी हात जोडून रामराम केला की ते मनात म्हणत, याला उधार काय पाहिजे असेल? एस.टी.त बसायला जागा मिळाली तर ती रिकामी का राहिली, याचा शोध लागेपर्यंत ते उभेच राहत. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्यामुळे सध्या त्यांना सरकारचीही शंका होती. घराणं मूळचं मारवाडातलं. पण खानदेशात तीन पिढ्या गेल्यावर मारवाडी उरली होती ती देवघरापुरती. दुकानातला सौदा आणि घरातलं भांडण, दोन्ही अहिराणीत चाले.

"भीकमचंदना पोऱ्याले गानाना नाद शे म्हने," शेठच्या पत्नी गुलाबबाई म्हणाल्या. "सायरले शिकाडूत थोडं. त्यामा काय बिघडस?"

"शिकाडी कोन?"

हा प्रश्न खरा होता. गाणं शिकवायला पुरुष घरात घ्यायचा तर शेठना झोप लागली नसती. शेवटी वत्सलाबाईंचं नाव निघालं. धुळ्याकडे एका मुलींच्या शाळेत त्या वर्षानुवर्षं गाणं शिकवत होत्या आणि आता निवृत्त होऊन शहाद्याला भावाकडे राहायला आल्या होत्या. नऊवारी लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, उन्हात छत्री. शंका घ्यायला कुठे जागाच नव्हती, आणि म्हणूनच शेठ जास्त सावध झाले. जिच्यात काहीच खोट दिसत नाही ती बाई गाते कशाला?

"दुपारले दुकान बंद ऱ्हास. मी बठसू शिकवनीले," त्यांनी जाहीर केलं.

"तुम्ही काबर?"

"मी नुसता दखसू."

पहिल्या दिवशी त्यांनी बाईंची बाजाची पेटी मागचं झाकण काढून आतून पाहिली. आत सुरांच्या पट्ट्या आणि थोडी धूळ होती. मग ते माडीच्या दाराशी पाठ टेकून बसले.

"बसा खुशाल," वत्सलाबाई म्हणाल्या. "फक्त मध्ये बोलायचं नाही."

सायर पेटीसमोर बसली. वय अठरा, हिशेबाला चलाख, पण गळा असा की सा म्हटला तरी तो शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटे. बाईंनी तिला भूप रागापासून सुरुवात करून दिली.

"भूपाचा वादी ग आणि संवादी ध."

किशनलालशेठ सरळ झाले. वादी हा शब्द त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. एका गोदामापायी त्यांनी धुळ्याच्या कोर्टाचे उंबरे झिजवले होते.

"बाई, वादी कोन म्हनात?"

"गंधार."

"त्यानी दावा कोनावर करा?"

सायरने ओढणी तोंडाला लावली. वत्सलाबाईंनी पेटीचा भाता थांबवला. "दावा नाही हो शेठजी. वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर. संवादी त्याच्या जोडीचा."

"आनि प्रतिवादी?"

"प्रतिवादी नसतो. विवादी असतो."

म्हणजे वाद आहेच, शेठनी मनाशी नोंद केली. पुढे बाईंनी सांगितलं की या रागात म आणि नी वर्ज्य आहेत, म्हणजे घ्यायचेच नाहीत. शेठना ते पटेना. सात स्वर असताना दोघांना बाहेर ठेवायचं, आणि कारण सांगायचं नाही?

"काबर? त्यासनी काय गुन्हा करा?"

वत्सलाबाईंनी चष्मा खाली करून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत शेकडो मुली त्यांच्यासमोर बसून गेल्या होत्या. त्यांनी सांगितलं तसं सगळ्यांनी म्हटलं होतं. पण म आणि नी का नाहीत, हे एकीनेही विचारलं नव्हतं. त्यांनी पेटी स्वतःकडे वळवली. आधी भूप वाजवला, मग त्यातच नी घालून वाजवला.

"आता सांगा. काय झालं?"

किशनलालशेठ डोळे बारीक करून ऐकत राहिले. "दुसरा मानूस घरमा घुसना," ते सावकाश म्हणाले.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशीची उरलेली शिकवणी शेठकडे तोंड करूनच झाली.

त्यानंतर ते रोज बसू लागले आणि रोज शंका काढू लागले. सकाळचा राग संध्याकाळी गायला तर कुणाला कळणार? विलंबित म्हणजे सावकाश, मग यात मास्तरांचाच फायदा नाही का? पकड म्हणजे कोणाची पकड? बाई प्रत्येक शंकेचं उत्तर आधी तोंडाने आणि मग गळ्याने देत. उत्तर खरं आहे का हे तपासायला शेठना स्वतः म्हणून पाहावं लागे. त्यांचा आवाज जाड होता, पण जिथे ठेवला तिथे राहत असे. तराजूचा काटा मध्यावर आला की नाही हे पाहण्यात आयुष्य गेल्याने, सूर कोणत्या बाजूला झुकतोय हे त्यांना लगेच कळे.

तरीही एकाच दुकानाचा भाव खरा मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गूळ आणायचं निमित्त करून ते नंदुरबारला गेले आणि एका म्हाताऱ्या कीर्तनकारबुवांना गाठून भूपात नी असतो का ते विचारून आले. बुवाही नसतो म्हणाले. बाई खरं बोलत होत्या. शेठना थोडं वाईट वाटलं, पण परतीच्या एस.टी.त शहाद्यापर्यंत ते तोंडातल्या तोंडात गात आले.

आता शंका घ्यायची पाळी गुलाबबाईंची होती. गूळ आणायला गेलेला माणूस इस्त्रीचा सदरा घालून जातो आणि गुळाशिवाय येतो. जेवताना डोळे मिटतो. भाकरीवर बोटांनी ठेका धरतो. आणि परवा तर वरणाची वाटी हातात धरून, चेहऱ्यावर कसलंसं हसू आणून, 'कोमल... कोमल...' असं पुटपुटला. गुलाबबाईंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ताट वाढून त्या समोरच बसल्या.

"ही कोमल कोन शे?"

शेठचं लक्ष दुसरीकडेच होतं. "एक नही," ते म्हणाले, "चार शेतस."

गुलाबबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली. "चार?"

"रे, ग, ध, नी. म कोमल नही ऱ्हास. तो तीव्र ऱ्हास."

"नंदुरबारले त्यासकडेच गयथात का?"

"गयथू ना. विचारीसन उनू. बाई सांगस तेच खरं निंघनं."

"त्या बाईले बी ठाऊक शे?"

"तिनीच तं वळख करी दिन्ही."

गुलाबबाई उठल्या आणि माहेरी जायची पेटी काढू लागल्या. सायरने मध्ये पडून, हे स्वर आहेत, बायका नव्हेत, हे समजावून सांगितलं तेव्हा कुठे पेटी परत वर गेली. पण एवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी माडीच्या जिन्यावर तांदूळ निवडायचं सूप घेऊन त्याही बसू लागल्या. घरात आता इतके तांदूळ निवडले जात होते की खायला पुरेनात.

अशी सगळी माणसं एकमेकांवर पहारा करत असताना घरात आणखी एक गोष्ट घडत होती. दुकानातला गूळ लवकर संपत होता. खोबरंही उतरत होतं. शेठनी उंदरांवर शंका घेऊन पिंजरा लावला. पिंजऱ्यात काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी मांजरावर शंका घेतली.

माघ महिन्यात भीकमचंद मुलाला घेऊन तळोद्याहून मुलगी पाहायला आले. गोरे, गोल, बोलताना प्रत्येक वाक्य तोलून टाकणारे गृहस्थ. मुलगा शिडशिडीत, लाजाळू. बसल्या जागी गुडघ्यावर बोटं वाजवणारा. कचोऱ्या झाल्या, चहा आला, आणि भीकमचंद म्हणाले, "पोरले एखादं गानं म्हनू द्या."

सायर पेटीपुढे बसली. तिने भूपातलं एक भजन सुरू केलं. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसऱ्या ओळीत नी आला. किशनलालशेठनी मांडी बदलली. पुन्हा नी आला. त्यांनी धोतराचा सोगा मुठीत धरला. गुलाबबाई दाराआडून त्यांना डोळ्यांनी दटावत होत्या, पण तिसऱ्यांदा नी आला तेव्हा ते त्यांच्या हातात राहिलं नाही.

"नी कथाईन लई उनी व माय?" ते म्हणाले. "भूपमा नी नही चालस."

पेटी बंद पडली. भीकमचंदांचा कप बशीवर जाता जाता थांबला.

"मंग तुम्हीच म्हना," सायर शांतपणे म्हणाली आणि पेटी त्यांच्याकडे सरकवली.

एखाद्या बापाने अशा वेळी हसून विषय बदलला असता. किशनलालशेठनी सा लावला. त्यांनी डोळे मिटले, ग वर आले, तिथे थांबले, प ला शिवून ध वर गेले, आणि मग आपण मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानातून पार निघून गेलं. चहावर साय धरली. ते खाली सा वर येऊन टेकले आणि डोळे उघडले, तेव्हा सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

भीकमचंदांनी घसा साफ केला. "शेठ, गानं कोन शिकनं? पोर का तुम्ही?"

किशनलालशेठ पेटीचा भाता मिटू लागले.

"आनि तुम्ही शिकी ऱ्हायंथात, तव्हय पोर काय करे?"

किशनलालशेठनी वत्सलाबाईंवर शंका घेतली होती, पेटीवर घेतली होती, गंधारावर घेतली होती. पण आपण पेटीपाशी सरकल्यावर पाठीमागच्या दारातून मुलगी रोज कुठे जाते, ही शंका त्यांना एकदाही आली नव्हती. गुलाबबाईंना आली नव्हती, कारण मुलगी जिन्यावरून शेजारून उतरली तरी त्यांची नजर नवऱ्यावर होती. वत्सलाबाईंना सगळं माहीत होतं. पण हातात आलेला शिष्य जाऊ नये म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

"बोल व," शेठ खोल आवाजात म्हणाले. "कथी जास तू?"

"खाले," सायर म्हणाली. "दोन फळ्या काढस नी दुकानमा बठस. दुपारले बी गिऱ्हाइक येस, बा. डोंगरवरना मानसं तं दुपारलेच येतस."

"मंग गूळ..."

"गूळ उंदीर नही खात. गिऱ्हाइक लई जास. पैसा गल्लामाच शे."

गुलाबबाईंनी दाराआड कपाळाला हात लावला. गाणं न येणारी आणि वर दुकानात बसणारी मुलगी. स्थळ गेलं, हे त्यांना कळून चुकलं. भीकमचंद मात्र पुढे सरकून बसले होते.

"एक विचारस, पोर. गिऱ्हाइक म्हने, भाव जास्त शे. तू काय म्हनशी?"

"म्हनसू, भाव मंग विचारा, पहिले चाखी दखा."

"आनि चाखीसन बी नही लिधं तं?"

"तं मीच म्हनसू, शेजारना दुकानमा बी चाखी या. तठला गूळ माले ठाऊक शे."

भीकमचंदांनी कप खाली ठेवला. मग मुलाकडे न पाहता त्यांनी मनातलं सांगितलं. गाण्याचा हट्ट मुलाचा होता. हा दिवसभर रेडिओला कान लावून बसतो, दुकानात बसवला तर गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ देतो. घरात गाणारं एक माणूस आहेच. दुसरं आलं तर दुकानाला कुलूप लागेल, या काळजीने ते कित्येक दिवस गाणाऱ्या मुली नापसंत करत हिंडत होते.

"पोर आमले पसंत शे," ते म्हणाले.

"माले बी एक विचारनं शे," सायर म्हणाली. "तळोदाले तुम्हनं दुकान दुपारले उघडं ऱ्हास का?"

"आतेलोंग नही ऱ्हाये. आते ऱ्हाई."

सायरने मान डोलावली. मुलगा तोपर्यंत एक शब्दही बोलला नव्हता. तो हळूच किशनलालशेठच्या जवळ सरकला आणि म्हणाला, "म बी नही का भूपमा?"

"म बी नही," शेठ म्हणाले. "काबर नही, ते सांगस. इकडे बठ."

लग्न वैशाखात झालं. त्यानंतर वत्सलाबाई पेटी न्यायला आल्या. शिकणारी सासरी गेली होती, तेव्हा शिकवणी संपली असं त्या समजत होत्या. शेठनी त्यांना छत्रीसुद्धा ठेवू दिली नाही, आधी बसवलं आणि म्हणाले, "बाई, मन्ह्या आखो बऱ्याच शंका बाकी शेतस."

त्या पुष्कळ वर्षं पुरल्या. खाली नव्या गड्याच्या हाती दुपारी दोन फळ्या उघड्या राहत, वर भूपानंतर यमन झाला, यमनानंतर बिहाग. गुलाबबाईंचं तांदळाचं सूप जिन्यावरून हळूहळू माडीवर आलं, आणि ठेका चुकला की त्या सूप आपटू लागल्या. पासष्ट साली वत्सलाबाईंनी हट्टाने शेठना धुळ्याला संगीताच्या परीक्षेला बसवलं. परीक्षेला सगळ्या मुलीच आहेत हे कळल्यावर गुलाबबाई डबा बांधून बरोबर निघाल्या.

शेठचा पुकारा झाला. ते कोट-टोपी सावरत दोन वेण्यांच्या मुलींमधून वाट काढत आत गेले. परीक्षकांनी वर पाहिलं. टोपीखालचे पांढरे केस आणि जाड मिशा पाहून ते नम्रपणे म्हणाले, "पालकांनी कृपा करून बाहेर थांबावं."

"पालक बाहेरच बसलेत, साहेब," किशनलालशेठ जमेल तेवढ्या शुद्ध मराठीत म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसलेल्या गुलाबबाई मान लांबवून आत पाहत होत्या.