हत्तीच्या कानातला जिना

खट् खट् सूंऽऽ. खट् खट् सूंऽऽ.

दोऱ्याच्या कारखान्यात रिळं भरणाऱ्या यंत्राचा हा आवाज आजोबांनी छत्तीस वर्षं ऐकला. कारखाना बंद पडून जमाना झाला, यंत्रं भंगारात गेली, पण आवाज आपला कानाच्या कोपऱ्यात तसाच बसून राहिला. त्या आवाजाची एक गंमत होती. ऐकता ऐकता माणसाला उभ्या उभ्या झोप लागायची आणि हात मात्र चालू राहायचे. आजोबा तर त्यात इतके तरबेज झाले, की डोळे उघडे ठेवून झोपायचे. मुकादम विचारायचा, "काय, ठीक ना?" आजोबा झोपेतच म्हणायचे, "झकास, साहेब." (मुकादमाला मुलगी झाली तेव्हाही ते असंच म्हणाले, आणि ते शोभलं. त्याचे सासरे वारले तेव्हाही म्हणाले. ते नाही शोभलं.)

घरात ही विद्या कुणाला ठाऊक नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

नात सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला बोलावून सांगितलं, "हिला पुस्तक म्हटलं की कंटाळा. रोज वीस मिनिटं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवा, गोडी लागेल." सूनबाई कुरिअरच्या ऑफिसात, घरी यायला सात वाजायचे. मुलगा बसडेपोत मेकॅनिक, त्याचे हात कायम ग्रीसने माखलेले. उरले आजोबा.

"बाबा, दुपारी तुम्ही वाचाल का तिच्यासाठी?"

आजोबांची शाळा चौथीतच सुटलेली. चष्मा सापडत नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. (चष्मा डोळ्यांवर होता, तरीही.) पण ते म्हणाले, "बरं." त्या एका 'बरं'ने पुढचं सगळं रामायण घडलं.

पुस्तक होतं सशाच्या होडीचं. आजोबा प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचायचे. "ससा... हो... होडीत... बसला." एक ओळ पुरी होईपर्यंत भिंगरी दोनदा गॅलरीत जाऊन यायची.

तिसऱ्या दुपारी जेवण जरा जास्तच झालं होतं. पडद्यातून पिवळसर ऊन झिरपत होतं. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, त्यामुळे तो खट् खट् सूंऽऽ असा फिरत होता. पानावरचं पाणी हलल्यासारखं वाटलं. अक्षरं एकेक करून होडीत चढली, होडी काठापासून सुटली, आणि सगळं कसं हलकं, निळं, लांब लांब होत गेलं...

आजोबा भानावर आले तेव्हा भिंगरी समोर बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन, चक्क एका जागी.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय?"

"हत्तीच्या कानात जिना होता. ससा खाली उतरला. तिथे सगळे ढग रांगेत उभे होते, आणि कोट घातलेला मासा त्यांची हजेरी घेत होता. एक ढग उशिरा आला. मग?"

आजोबांनी पुस्तकात पाहिलं. चौथं पान. ससा होता, होडी होती. हत्ती औषधालासुद्धा नव्हता.

"पुढचं उद्या," ते घाईघाईने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जागेपणी दोन पानं वाचली. भिंगरी गॅलरीत. मग पंख्याने सूर धरला, आजोबांची नजर लांब गेली, आणि भिंगरी धावत परत आली. उशिरा आलेल्या ढगाला कोपऱ्यात उभं केलं होतं, त्या कोपऱ्यात तळं झालं, तळ्यात माशाची टोपी पडली. आजोबांना हे सगळं तिसऱ्या दिवशी नातीकडून कळलं. खरं सांगायचं तर त्यांनाही आता उत्सुकता लागली होती. दुपारी कधी दोन वाजतात असं त्यांना होऊन जायचं. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या बोलण्याची वाट पाहिली नव्हती.

हे सुख आठवडाभर टिकलं. मग शाळेतून चिठ्ठी आली.

"बाबा," सूनबाई पर्स खांद्यावरून न काढताच म्हणाली, "हिने वर्गात गोष्ट सांगितली. बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं. पुस्तकात हत्ती नाही!"

"असेल गं मागच्या पानांत."

"मागच्या पानावर छापखान्याचा पत्ता आहे, बाबा!"

"मग... तिथे राहत असेल."

सूनबाईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. शेजारी शिकवणीच्या ताई आहेत, दुपारी तिथे पाठवते हिला."

आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजणार, आणि समोर कुणी बसलेलं नसणार! "एकदा माझं वाचन ऐक तू," ते म्हणाले, "मग ठरव."

रविवारी परीक्षा झाली. सूनबाईने सासऱ्यांना आधी दोन कप कडक चहा पाजला, पंखा बंद केला, आणि समोर खुर्ची टाकून बसली. आजोबा घाम पुसत पुसत पाच पानं वाचून गेले. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

"आजोबा, तुम्ही हत्तीची पानं गाळताय," भिंगरी म्हणाली. "आई आहे म्हणून."

"नाही गं, बाळ."

"गाळताय! द्या इकडे."

तिने पुस्तक ओढून घेतलं, जमिनीवर पालथी पडली आणि आजोबांसारखंच बोट ठेवून हत्ती शोधू लागली. "हो... होडी. ह... हवा. ह... हसला." हत्ती काही भेटेना. तिने पुस्तक पहिल्यापासून धरलं. तासभर भिंगरी जागची हलली नाही. सूनबाई आपल्याच मुलीकडे पाहत राहिली. शिकवणीच्या ताईंचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

पंधरा दिवसांनी शाळेतून दुसरी चिठ्ठी आली. सूनबाईने ती मोठ्याने वाचली. भिंगरीने वर्गातलं गोष्टींचं कपाट निम्म्याहून जास्त संपवलं होतं, मधल्या सुट्टीतही ती पुस्तकातून डोकं काढत नव्हती, आणि बाईंनी आजोबांचे मनापासून आभार मानले होते.

"झकास, बाबा!" सूनबाई म्हणाली.

आजोबांना मात्र घास गोड लागेना. पोर कपाटं पालथी घालत होती, ती एका हत्तीसाठी, आणि तो हत्ती छापलेलाच नव्हता. सांगावं, तर ती वाचायची थांबणार. न सांगावं, तर ती जन्मभर शोधत बसणार. दोन दिवस त्यांनी मनाशी घोळवलं. तिसऱ्या दुपारी भिंगरी नवं पुस्तक घेऊन शेजारी टेकली, तेव्हा त्यांनी पानावर हात ठेवला.

"बाळ, तो हत्ती कुठल्याच पुस्तकात नाही. मला झोप लागायची. झोपेत मी काहीतरी बडबडायचो. तेच ते."

भिंगरीने पानावरून मान वर केली.

"म्हणजे तो तुमच्याकडेच आहे?"

आजोबांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. "हो," ते म्हणाले, "माझ्याकडेच असणार."

"मग आता सांगा. जागेपणी."

आजोबा ताठ बसले. घसा साफ केला. चष्मा पुसला.

"तर... जिना संपला. तिथे एक दार होतं. दाराला कडी होती. सशाने कडी काढली."

"आत काय होतं?"

"आत एक खोली होती."

"खोलीत?"

"खोलीत... टेबल होतं."

"टेबलावर?"

आजोबांनी डोळे घट्ट मिटले. खूप शोधलं.

"टेबलावर काही नव्हतं," ते म्हणाले.

भिंगरी वाट पाहत राहिली.

"पण स्वच्छ पुसलेलं होतं हं," आजोबा म्हणाले.

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पानावरचा त्यांचा हात अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, पुस्तक काखेत मारलं, आणि आतल्या खोलीत निघून गेली.