सासऱ्यांची कवळी

दातांचा विषय निघाला की डॉक्टरबाईंच्या अंगात वारं शिरायचं. एरवी त्यांचं दूध उतू जायचं, छत्री बसमध्ये राहायची, स्वतःची गाडी मागे घेताना स्वतःचीच कुंडी फुटायची. पण दात! दातांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि हे मत त्या चारचौघांत बोलूनही दाखवायच्या.

यंदाचा उन्हाळा त्यांनी नवरा आणि लेक बिट्टी यांच्यासह परदेशात, सासू-सासऱ्यांकडे घालवला होता. सासरे तरुणपणी तिकडच्या एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला गेले आणि तिकडचेच होऊन बसले. सुट्टी आता संपत आली होती. दुसऱ्या दिवशी विमान. बॅगा हॉलमध्ये तोंडं उघडून पडल्या होत्या आणि बिट्टी त्यातल्या एकीत झोपून बघत होती.

त्याच दुपारी सगळ्यांना स्टुडिओत फोटोसाठी जायचं होतं. सासूबाईंनी फोटोग्राफरची वेळ कधीपासून घेऊन ठेवली होती. त्यांची एकच इच्छा होती. हसऱ्या नवऱ्याचा एक तरी फोटो भिंतीवर लागावा! लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत सासरे बंद दुकानाचं शटर ओढल्यासारखे तोंड मिटून उभे होते. आधी दात वाकडे म्हणून आणि पुढे दातच नाहीत म्हणून. आता मात्र नवीकोरी कवळी आली होती. आता सबब नव्हती!

सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या, तेव्हा सासरे खिडकीशी उभे राहून गाल चोळत होते.

"बाबा, दुखतंय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे छे. जरा टोचते वरची. डावीकडे. चालायचंच."

"चालायचंच काय! आणा इकडे. दोन मिनिटांचं काम आहे!"

सासरे लाजले. सासरे-सुनेचं बोलणं इतकी वर्षं 'चहा घेणार का' आणि 'आज गार आहे नाही' एवढ्यावरच भागत आलं होतं. सुनेसमोर कवळी काढणं म्हणजे सुनेसमोर शर्ट काढण्यापैकीच. पण हिरडी ठणकत होती. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, खाकरले, आणि रुमालात गुंडाळून ती वस्तू मागच्या मागे सुनेच्या हातात दिली.

डॉक्टरबाईंनी स्वयंपाकघरातलं बेसिन गाठलं. पर्समधली नखं घासायची पट्टी काढली. टोचणारी कड शोधली, झरझर घासली, बोट फिरवून पाहिलं. अगदी लोण्यासारखी गुळगुळीत! वाहवा! आता साबण लावून धुतली की झालं.

कवळी धुताना बेसिनमध्ये आधी टॉवेल अंथरावा, म्हणजे हातातून सटकली तरी फुटत नाही, हे पेशंटांना सांगून सांगून डॉक्टरबाईंचा घसा बसला होता. आत्ता टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता.

सुळ्ळकन कवळी निसटली आणि दगडी बेसिनवर आपटली. टक्!

"फूनबाई," मागून आवाज आला, "आवाज कफाचा झाला?"

डॉक्टरबाई वळल्या. त्यांच्या उजव्या हातात अर्धी कवळी होती आणि डाव्या हातात उरलेली अर्धी.

सासरे तुकड्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. आत सासूबाई गाणं गुणगुणत होत्या.

"हिला कळता कामा नये," ते कुजबुजले. म्हणजे 'हिला कवता कामा नये' असं काहीतरी ऐकू आलं, पण भीती स्पष्ट होती.

नवऱ्याला कटात घेण्यात आलं. त्याने तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. "झटपट गोंद आणू का? मागे चपलेचा अंगठा चिकटवलेला."

"तोंडात घालायची वस्तू आहे ती!" डॉक्टरबाई फिस्कारल्या. "मला फक्त आमच्या कामातली गुलाबी पावडर आणि ते लिक्विड हवंय. कुठल्याही दातांच्या दवाखान्यात असतं. डॉक्टर डॉक्टरला नाही म्हणत नाही. अर्ध्या तासात जोडून देते!"

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. सगळे विखुरले. सासरे टेबलाशी जाऊन बसले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"चहा देऊ?"

"हं."

"फोटोला निळा शर्ट घालणार की पांढरा?"

"हं हं."

"असं काय करताय? बरं नाही का?"

सासऱ्यांनी जोरजोरात मान हलवली. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या बॅगांकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "पोरं उद्या जाणार म्हणून वाचाच गेलीय यांची! चाळीस वर्षांत बोलून दाखवलं नाही कधी, पण मनानं फार हळवे आहेत हो." आणि त्यांनी अतीव प्रेमाने नवऱ्यासमोर एक अख्खं सफरचंद ठेवलं. "खा. तुम्हाला आवडतं ना."

सासरे त्या सफरचंदाकडे परीक्षेतल्या न आलेल्या प्रश्नाकडे पाहावं तसे पाहत बसले. सासूबाई समोरच बसून पदराने डोळे टिपत होत्या, आणि हलायचं नाव नव्हतं!

"आजोबा का खात नाहीत?" बिट्टीने बॅगेतून विचारलं.

"त्यांचे दात..." नवऱ्याने सुरुवात केली आणि पायावर बायकोची टाच पडताच "...दातांना गार लागतं!" असं पुरं केलं.

शेवटी डॉक्टरबाईंनी जाहीर केलं की बाबांना मोकळ्या हवेची गरज आहे. त्यांनी सासऱ्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. सफरचंद कोटाच्या खिशात गेलं. सासूबाईंना कपाटांमागे काही राहिलंय का ते शोधायला लावायची कामगिरी नवऱ्यावर आली.

दवाखाना दोन रस्ते पलीकडे, चपलांच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना डॉक्टरबाई बेत सांगत होत्या. "मला त्यांची भाषा येत नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा, ही माझी सून, दातांची डॉक्टर आहे. पुढचं मी बघते."

बेत उत्तम होता. त्यात एकच खोट होती. तिकडच्या भाषेतला निम्मा कारभार दात आणि जिभेच्या मधोमध चालायचा, आणि सासऱ्यांकडे आता नुसती जीभ उरली होती!

काउंटरमागच्या बाईसमोर सासऱ्यांनी तोंड झाकायला गुंडाळलेला मफलर खाली केला आणि एक वाक्य बोलले. फुफ्फुफ, फाफ्फा, फू. बाईने कान पुढे केला. सासरे पुन्हा बोलले. या खेपेस सुनेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. बाईचा चेहरा एकदम कनवाळू झाला. तिने डॉक्टरबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना आत नेलं.

'बघा! डॉक्टर म्हटल्यावर कशी माणुसकीनं वागते,' डॉक्टरबाईंना वाटलं.

आत खुर्ची होती, दिवा होता, हत्यारांचा ट्रे होता. माहेरी आल्यासारखं वाटून डॉक्टरबाई सवयीने सरळ डॉक्टरच्या स्टुलावर जाऊन बसल्या. बाईने त्यांना हळूच उठवलं आणि मोठ्या खुर्चीत बसवलं. पाहुण्यांना मोठी खुर्ची देतात, असं समजून त्या बसल्या. खुर्ची आडवी झाली. गळ्यात कागदी फडकं आलं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याच क्षणी डोळ्यांवर दिवाही पडला!

दारातून एक डॉक्टर आला. माणूस कसला, कपाटच! पंजे असे की एकेका बोटाला एकेक हातमोजा लागावा.

"नो, नो!" डॉक्टरबाई उठायला धडपडल्या. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आय डॉक्टर!"

"येस, येस," तो प्रेमळपणे म्हणाला आणि त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आय डॉक्टर."

"नो! आय! डॉक्टर! यू, पावडर! पिंक पाव..."

बोलण्यासाठी तोंड उघडलं, ही चूक झाली. आरसा आत गेला. बोलता बोलता पेशंटच्या तोंडात आरसा सारण्याची ही युक्ती डॉक्टरबाई स्वतः दररोज वापरायच्या. आपण केलेला डाव आपल्यावरच उलटल्यावर कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

डॉक्टरने खालच्या ओळीत मागे कुठेतरी पाहिलं आणि शीळ घातली. मग बाईला बोलावलं. बाईने पाहिलं आणि तिनेही "अयायायाय" केलं, जे कुठल्याही भाषेत समजतं. मग डॉक्टरने एक छोटा आरसा डॉक्टरबाईंच्या हातात देऊन त्यांना त्यांचीच दाढ दाखवली.

दाढेत खड्डा होता. खड्डा म्हणजे किती? बिट्टीची खेळण्यातली गाडी आत जाऊन वळून बाहेर आली असती! गेले काही महिने आपण डाव्या बाजूनेच का चावतो, याचं कारण त्यांनी 'तशी सवय आहे' असं ठरवून टाकलं होतं. आपल्या दातांना काय होणार? आपण डॉक्टर!

डॉक्टरबाईंची बोलती बंद झाली. त्या शांततेला डॉक्टरने होकार मानलं आणि सुई टोचली.

बाहेर सासरे घड्याळ बघून कासावीस झाले होते. पावडर आणायला एवढा वेळ? अखेर काउंटर ओलांडून ते आत घुसले. बघतात तो काय, सून आडवी, तोंडात नळी, गालात कापूस! त्यांना बोलणं सुचेना, आणि सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. त्यांनी खिशात हात घालून पुरावा डॉक्टरसमोर धरला. आधी सफरचंद निघालं. मग रुमाल निघाला. रुमालातून कवळीचे दोन तुकडे.

डॉक्टरने तुकड्यांकडे पाहिलं, सासऱ्यांच्या पोकळ गालांकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या बाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी तुकडे जोडल्याची, पावडर शिंपडल्याची आणि कपाळावर हात मारल्याची खूण केली. आणि त्या कपाटाला असं हसू फुटलं की ट्रेमधली हत्यारं खणखणली!

त्याने तुकडे मागच्या खोलीतल्या कारागिराकडे धाडले. दाढ भरून होते ना होते तोच कवळी हजर! जोड कुठे आहे ते शोधूनही सापडेना. सासऱ्यांनी ती बसवली, टाळी मारल्यासारखा जबडा मिटला, आणि खणखणीत आवाजात तिकडच्या भाषेत आभारांचं लांबलचक भाषण केलं. डॉक्टर मान डोलवत राहिला. निघताना त्याने डॉक्टरबाईंचा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं.

"काय म्हणाये?" डॉक्टरबाईंनी जिन्यात विचारलं. त्यांचा अर्धा ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा लोंबत होता.

"म्हणाला, डॉक्टरांनी वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यावेत," सासरे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सूनबाई, हे आपल्या दोघांत राहू दे." आणि ते हसले. इतक्या वर्षांत डॉक्टरबाईंनी त्यांना मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्याही हसल्या. म्हणजे डावी बाजू हसली.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"किती उशीर! फोटोग्राफर काय आपल्यासाठी थांबलाय? बरं वाटतंय का आता?"

"झकास!" सासरे गरजले. "निळा शर्ट काढ! अगं, काय सुंदर हवा आहे बाहेर!"

सासूबाई चकित होऊन सुनेकडे वळल्या. "काय जादू केलीस ग?"

डॉक्टरबाईंनी तोंड मिटून "हं" केलं.

"तुला काय झालं?"

"हं हं."

सासूबाईंनी तिचा सुजलेला गाल पाहिला, लोंबता ओठ पाहिला, आणि काही कळायच्या आत सुनेला छातीशी कवटाळलं. "रडू नकोस ग बाई! पुढच्या उन्हाळ्यात याल की पुन्हा! ए, बघतोस काय? बायको रडून रडून अर्धी झालीय!"

"अर्धीच," नवरा म्हणाला, आणि त्याच्या पायावर पुन्हा टाच पडली.

स्टुडिओत फोटोग्राफरने सगळ्यांना ओळीने उभं केलं. सासरे मधोमध. "हसा!" म्हणायची वेळच आली नाही. सासरे आधीच हसत होते, सासूबाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या, बिट्टी दोघांकडे बघून हसत होती. फोटोग्राफर फक्त एका बाईंना पुन्हा पुन्हा विनवत होता. जरा मोकळं हसा, हो, दुसऱ्या बाजूनेही! शेवटी त्याने हात टेकले आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सासऱ्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रथमच हवामानाचा विषय काढला नाही. "दाढेला जपा," एवढंच म्हणाले. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. भूल तर केव्हाच उतरली होती.

पंधरवड्याने सासूबाईंचा फोन आला. आवाज आनंदाने फुलला होता.

"फोटो हॉलमध्ये लावलाय ग! तू जरा विचित्र आलीयेस, पण यांचं हसू, काय सांगू! येणारा प्रत्येक जण विचारतो, दात कुणी बसवले? यांना विचारलं तर हे नुसते तुझं नाव घेतात आणि हसतात. मग मीही सांगते अभिमानानं, आमच्या सुनेनं! दाताच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नाही!"

"अहो आई, तसं काही..."

"राहू दे ग तुझा विनय! बरं ऐक, खालच्या मजल्यावरच्या आजींची कवळी सैल झालीय, समोरच्या शिंप्याची टोचते, आणि बेकरीवाल्याच्या आईची तर पडूनच फुटली. सगळ्यांना सांगितलंय, दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका. उन्हाळ्यापर्यंत कळ काढा. आमची सून येतेच आहे!"