रायाजीच्या मृत्यूबाबतचा ठराव

ज्या समाजात नियमांची एकच आवृत्ती असते त्या समाजाला भांडायला काही उरत नाही, आणि असा समाज लवकरच लयाला जातो. या दृष्टीने पलूसचे आमचे भुयार मंडळ अत्यंत निरोगी म्हणावे लागेल.

मंडळाचे काम असे चालते. दर रविवारी दुपारी भाऊसोंच्या खतांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही टेबलाभोवती बसतो. एकजण सूत्रधार होतो आणि समोर भुयार आहे असे सांगतो. बाकीचे त्यावर विश्वास ठेवतात. (ज्यांना हे विचित्र वाटते त्यांनी निवडणुकीतली प्रचारसभा आठवावी.) प्रत्येकजण एक पात्र घेतो, ते काय करते हे बोलून सांगतो, आणि ते त्याला जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले की फत्ते, एक पडला की बोंब. सांगली-सातारा भागात हा खेळ किती लोक खेळतात याची अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. अनधिकृत आकडेवारीनुसार आम्ही पाच आहोत. एवढ्यात दोन पक्ष आणि एक तटस्थ निघाला, ही आमच्या मातीची ताकद. (तटस्थ म्हणजे मी, गंगाधर, मंडळाचा सचिव.)

या खेळाचे नियमपुस्तक वेळोवेळी नव्याने निघते, आणि प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्या आवृत्तीवाल्यांना संस्कृतीचा ऱ्हास वाटते. जुन्या आवृत्तीत पात्र मरते. दार उघडले तरी मरते, न उघडता उभे राहिले तरी मरते. नव्या आवृत्तीत पात्राला बालपण असते, मनाला लागलेल्या गोष्टी असतात, आणि प्राण (म्हणजे जिवाचे गुण) शून्यावर आले तरी फासा तीनदा टाकायची मुभा असते. त्यात एकदा जरी दहाच्या वर पडले की पात्र डोळे उघडते.

जुन्या पक्षाचे नेते सुभेदार लालासाहेब. पलटणीतल्या एका मित्राकडून आणलेले त्यांचे पुस्तक आता चिकटपट्टीच्या जिवावर उभे आहे. अनुयायी, भाऊसो. नव्या पक्षाच्या नेत्या संयोगिताबाई, सांगलीत औषधांचे दुकान चालवतात आणि घरी लालासाहेबांच्या सूनबाई आहेत. अनुयायी, आमचे सूत्रधार राजस, कॉलेजात शिकवतात. वडीलधाऱ्यांचा मान म्हणून खेळ जुन्या आवृत्तीने चालतो आणि तक्रारी नव्या आवृत्तीने होतात.

“मेला म्हंजी मेला,” लालासाहेब सांगतात. “सरहद्दीवर गोळी लागल्यावर कोन म्हनतं का, थांबा रं, मी तीनदा फासा टाकतो?”

“आवं मामा, सरहद्दीवर राक्षस बी नसत्यात,” संयोगिताबाई म्हणतात.

याच तत्त्वनिष्ठेतून लालासाहेबांनी भाऊसोंची सगळी पैलवान पात्रे एकेक करून मृत घोषित केली. संयोगिताबाईंचे पात्र, एक धनुर्धारी मुलगी, एका साध्या खड्ड्यात पडून मेली, तेव्हा तिच्यासाठी सूनबाईंचे डोळे भरले होते. लालासाहेबांनी चहाचा घोट घेऊन “नियम म्हंजी नियम” एवढेच म्हटले. अशी माणसे आता होत नाहीत.

आणि मग एका रविवारी रायाजी पडला.

रायाजी हे लालासाहेबांचे पात्र. कुऱ्हाडबहाद्दर. मंडळाच्या स्थापनेपासून तो जिवंत होता आणि त्याच्या नावाने नकाशावर एक तालीमसुद्धा होती. गुडघे गेल्यापासून लालासाहेब दुकानाचा जिना कठडा धरून, कण्हत चढतात. पण एकदा खुर्चीत बसले की रायाजी कडे चढतो, नद्या पोहतो, राक्षसाच्या मानेवर उडी घेतो. त्या दिवशी राक्षसिणीचा सोटा बसला आणि रायाजीचे प्राण शून्यावर आले. जुन्या आवृत्तीप्रमाणे विषय संपला होता. राजसने मात्र पुस्तक मिटले आणि चहा सांगितला. पुढचे काही रविवार नुसताच चहा झाला. रायाजी भुयारात आडवा, लालासाहेब खुर्चीत, आणि विषय कुणी काढेना.

शेवटी रीतसर सभा बोलावण्याचे ठरले. संयोगिताबाईंनी रायाजीला वाचवण्यासाठी उपसूचना पाठ करून आणली होती. राजसची तिला साथ होती. भाऊसोंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “सचिव, मी बी बाईंकडनंच हाय. पर सुभेदारांना कळू देऊ नगा.” मी तटस्थपणे रायाजीच्या बाजूने होतो. थोडक्यात, रायाजीचे बहुमत पक्के होते.

इथे आमच्या भागाची एक थोर परंपरा सांगितली पाहिजे. आम्ही सारे कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचे सभासद आहोत. वार्षिक सभेत विषय पूर्ण वाचून होण्याच्या आत “मंजूर, मंजूर” असे ओरडायचे, हे आम्ही वडिलांच्या मांडीवर बसून शिकलो. त्यामुळे वेळ वाचतो आणि जेवण गरम मिळते.

राजस उभा राहिला. “विषय क्रमांक एक. जुन्या आवृत्तीच्या नियमानुसार रायाजी यांस मृत...”

“मंजूर! मंजूर!” पाचही जण ओरडलो. संयोगिताबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता. (त्यांचे वडील एका सोसायटीचे चेअरमन होते.)

मग आपण काय मंजूर केले ते सगळ्यांच्या लक्षात आले. ठराव एकमताने झाला होता, आणि एकमताचा ठराव फिरवण्याची सोय कोणत्याही आवृत्तीत नाही. लालासाहेबांनी स्वतः शोकप्रस्ताव मांडला. आम्ही उभे राहिलो. त्यांना गुडघ्यांमुळे उभे राहायला वेळ लागला, आणि खाली बसताना त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. मला फार वाईट वाटले. सचिवाने असे नोंदवू नये, पण वाटले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “सूनबाई, ते तुमचं तीन डावांचं हाय न्हवं, ते किती येड्यावानी हाय ते एकदा करून दाखवतो. आना फासा.”

तत्त्वासाठी माणूस किती झिजतो ते पाहा. पहिला फासा: चार. दुसरा: सात. तिसऱ्या वेळी त्यांनी फासा बराच वेळ मुठीत धरला, मग टाकला. तो टेबलावरून घरंगळला, लादीवर उड्या मारत खताच्या पोत्याला टेकला. सगळे वाकलो. एक पडला होता. सगळ्यांनी पाहिला.

“जुन्या आवृत्तीत,” लालासाहेब हळूच म्हणाले, “खाली पडलेला फासा मोजत न्हाईत.”

“कवाच न्हाई,” भाऊसो म्हणाले.

“जुन्या लोकांचे नियम लय चांगले हुते, मामा,” संयोगिताबाई म्हणाल्या आणि पोत्याजवळचा फासा उचलून त्यांच्या हातात दिला.

पुन्हा टाकला. चौदा. रायाजीने डोळे उघडले आणि पाणी मागितले.

वाचकांतल्या काही शिस्तप्रिय मंडळींनी “मेला म्हंजी मेला” हे वाक्य वाचताना मान डोलावली असेल. हल्लीच्या पिढीला सगळ्यात तीन-तीन संधी लागतात, असेही मनात आले असेल. त्यांना माझा एकच प्रश्न आहे: फासा पोत्याला टेकला आणि एक दिसला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? खाली पडलेला फासा मोजायचा नाही, असा नियम जुन्या पुस्तकात नाही. नव्यातही नाही; दोन्ही मी पानन् पान तपासली आहेत. त्या दिवशी त्याला हरकत कुणी घेतली नाही, आणि आत्ता वाचताना तुम्हीही घेतली नाहीत.