गॅलरीतलं निरीक्षण

आमच्या अख्ख्या इमारतीत समाजशास्त्र शिकणारी बाई एकच, आणि ती म्हणजे मी! दिवसा लोकांच्या कपड्यांची मापं घेते आणि संध्याकाळी कॉलेजात जाऊन समाजाचं माप घेते. वर्गातल्या पोरी मला 'काकू' म्हणतात, पण अडलं की माझ्याच बाकाशी येतात!

यंदा मॅडमनी प्रकल्प दिला, 'घरकाम आणि लिंगभाव'. म्हणजे बाईच्या वाट्याला भांडी आणि पुरुषाच्या वाट्याला पेपर ही वाटणी निसर्गाने केली की आपणच, ते शोधायचं. मी छाती फुगवून म्हणाले, "मॅडम, असा प्रकल्प करते की पुढच्या वर्षी तुम्ही तोच शिकवाल!"

आधी मुलाखती घेतल्या. प्रत्येक नवरा म्हणाला, "निम्मं काम मीच करतो." प्रत्येक बायको म्हणाली, "कुणाच्या घरी?"

मॅडम म्हणाल्या, "लोक सांगतात एक, करतात एक. म्हणून प्रत्यक्ष निरीक्षण करा. मात्र मध्ये लुडबुड नको, आपण बघतोय हे कळलं की माणसं वेगळी वागतात." परवानगीबद्दलही काहीतरी म्हणाल्या, पण ते मला नीट ऐकू आलं नाही.

निरीक्षणासाठी घरचाच माणूस निवडला, आमचे हे! हे बस चालवतात. सुईत दोरा ओवावा तशी बस गल्लीतून काढतील, पण घरात इकडची काडी तिकडे करणार नाहीत. हेच माझं गृहीतक!

यांच्या सुट्टीच्या दिवशी मी ओरडले, "बाजारात जाऊन येते हो!" बाहेरचं दार आतूनच आपटलं आणि चवड्यांवर चालत गॅलरीत गेले. वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहून काचेतून डोकावते, तर काय! हे स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून फरशी पुसतायत! घासून घासून! माझं गृहीतक जागच्या जागी गतप्राण झालं, पण ऊर अभिमानाने भरून आला. कुणाला कळू न देता काम करणारा नवरा! असा माणूस माझ्या पदरी!

तेवढ्यात गॅलरीचं दार वाऱ्याने आपटलं. यांनी येऊन आतून कडी घातली आणि पुन्हा पुसायला गेले.

आता ठोठावावं, तर निरीक्षण बिघडणार! मी चादरीआडच थांबले. ऊन असं, की इस्त्रीखाली ठेवल्यासारखं वाटत होतं.

"काय गं, कोंडलं का तुला?" समोरच्या गॅलरीतून निवृत्त हवालदारकाकांनी हाक मारली.

मी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि चादरीने घाम पुसला.

"अरे देवा, रडतेय! बोलायचीसुद्धा चोरी!" काका गरजले. "थांब पोरी, आलोच!"

मी हातवारे करून नको नको म्हणत राहिले. काकांना वाटलं, लवकर या म्हणतेय!

पाहता पाहता आमच्या दारावर धडाधड थापा पडल्या. यांनी दार उघडलं, हातात ओलं फडकं. समोर हवालदारकाका, शेजारच्या नर्सताई आणि मागे सगळा जिना!

"बायको कुठंय?"

"बाजारात."

"खोटं! गॅलरीत कोंडून ठेवलीयस!"

कडी निघाली. मी घामाघूम बाहेर आले. यांचा चेहरा असा, जणू बस चालवताना स्टिअरिंगच निखळून हातात आलं!

"खबरदार यांना कुणी बोललात तर!" मी म्हणाले. "हा माणूस गुपचूप घरची फरशी पुसतो! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!"

मग नर्सताई मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलंत?" त्यापाठोपाठ वरपासून खालपर्यंत जिन्यात एकच शब्द घुमला, "ऐकलंत?" हवालदारकाकांना तर त्यांच्या बायकोने समोरच्या गॅलरीतूनच हाक मारली, "या आता घरी! भांडी पडलीयत!"

हे काहीतरी सांगू पाहत होते, पण कौतुकाच्या गलक्यात यांचं कोण ऐकणार!

प्रकल्प वाचून दाखवायच्या दिवशी मी यांना वर्गात घेऊन गेले. शेवटचं वाक्य मोठ्या अभिमानाने वाचलं, "पुरुष काम करतो, फक्त गवगवा करत नाही!" टाळ्या!

मॅडमनी यांना विचारलं, "किती वर्षं पुसताय फरशी?"

हे खोटं बोलत नाहीत, हीच पंचाईत. "वर्षं कसली, मॅडम! तेलाची बरणी हातातून सटकली होती. ही यायच्या आत निस्तरत होतो!"

पोरी बाकांवर लोळल्या. मला फरशी फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आणि आता?" मॅडमनी विचारलं.

"आता रोज पुसतो. समोर हवालदारकाका खुर्ची टाकून बघत बसतात ना! आणि त्यांची भांडी झाली की नाही, ते मी बघतो."

मॅडम खळखळून हसल्या. "वा! काकूंनी अख्ख्या इमारतीत सामाजिक बदल घडवून आणला!"

माझी मान ताठ झाली. मी वळून पोरींकडे एकवार बघितलंसुद्धा!

"फक्त," मॅडम पुढे म्हणाल्या, "प्रकल्प तेवढा पुन्हा करा. परवानगी घेऊन!"