होणारे सासरे अवकाशात

पाहुण्यांवर छाप कशी पाडायची, हे उमेंद्रला शिकवायची गरजच नव्हती! रुचीचे आईवडील, केवलराम आणि सुशीलाबाई, मुलगा पाहायला मुर्री गावी त्याच्या घरी आले, पोहे झाले आणि पठ्ठ्याने थेट कॉम्प्युटरवर अवकाशयान उडवायचा खेळ उघडला.

"याले खेळ नका समजू जी, केवलरामजी! यातलं विज्ञान एकदम खरं! वेग खरा, वजन खरं, इंधनही खऱ्यासारखंच संपते!"

वर यानातल्या तिघांना त्याने नावंही दिली होती : केवलराम, सुशीलाबाई आणि रुची. सुशीलाबाई पदर सावरून कौतुकाने पाहू लागल्या.

यान झोकात उडालं, पृथ्वीभोवती फिरू लागलं. ऐट दाखवायच्या नादात उमेंद्रने इंजिन जरा जास्तच पेटवलं आणि इंधन संपलं!

"आता खाली कवा येते?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"येत नाही जी. इंजिनाशिवाय वेग कमी होत नाही. फिरतच राहते."

"म्हणजे माही पोरगी वरतीच?"

"नव्यानं सुरू करू का?"

"मंग हे लोक कुठं जातीन?" सुशीलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "आमाले वरती सोडणाऱ्याच्या घरी मी पोरगी देत नाही!"

उमेंद्रला घाम फुटला. हातचं स्थळ चाललं! मग त्याच्या लक्षात आलं, यान हवेच्या थराला अगदी खेटून फिरतंय. मागे जरासा रेटा मिळाला तरी वेग कमी होऊन खाली येईल. त्याने पडद्यावरच्या केवलरामला यानाबाहेर काढलं.

"मलेच कायले काढून राहिले?" खुर्चीतले केवलराम दचकले.

"ढकलायले जी!"

बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलण्यात केवलरामांची हयात गेली होती. ते उठूनच उभे राहिले. "मार धक्का!"

धक्का बसला. यान खाली आलं, हवाई छत्री उघडली, मायलेकी समुद्रात सुखरूप! सुशीलाबाईंनी हात जोडले. पण विज्ञान खरं होतं ना! धक्का देणारा तेवढ्याच जोराने उलटा फेकला गेला होता. केवलराम एकटेच आभाळात तरंगत राहिले.

"मी खाली येईपर्यंत बोलणी बंद!" ते गरजले.

उमेंद्रने तातडीने दुसरं यान सोडलं. त्यात स्वतःच्या नावाचा माणूस बसवला, सासऱ्यांजवळ पोहोचवला, आणि तिथेच त्या यानाचंही इंधन संपलं!

दोघं शेजारी शेजारी पृथ्वीभोवती फिरू लागले. केवलरामांनी पडद्यावरच्या त्या दोघांकडे बोट दाखवलं.

"पोरगा हुशार नाही व," ते सुशीलाबाईंना म्हणाले, "पण सासऱ्याले एकटा सोडत नाही. मुहूर्त पाहा!"

"पाहतो," सुशीलाबाई म्हणाल्या, "पहिले दोघं खाली तर या!"